बाजाराच्या दिवसापासून मोजलेला महिना

महिन्याभराच्या जेवणाचा बेत आधीच करा, पैसे वाचतात, असं सांगणारे बहुतेक सल्ले घरात एक तारखेला पगार येतो हे धरूनच चालतात. आमच्या विदर्भातल्या शेतकरी घरात एक तारखेला काहीच येत नाही. मजुरीचा पैसा आठवड्याने, बाजाराच्या दिवशी हातात पडतो. सोयाबीनचा चुकारा (विकलेल्या मालाचे पैसे) दिवाळीच्या आगेमागे, कापसाचा वेच निघेल तसा, तुरीचा संक्रांतीनंतर. जून ते सप्टेंबर शेतीचा पैसा फक्त जातो. बी, खत, फवारणी, निंदण. नेमक्या त्याच दिवसांत किराणा दुकानातल्या खात्यावर आमच्या नावापुढचे आकडे वाढत असतात.

माझा पहिला बेत नवव्या दिवशी मोडला होता. एप्रिल महिना होता. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तीस चौकटी आखल्या आणि प्रत्येकीत एक भाजी लिहिली. पाचव्या दिवशी पालकाचं वरण होतं, पण बाजार होऊन तीन दिवस झालेले आणि त्या उन्हात पालक पिवळा पडून चिकट झालेला. सातव्या दिवशी नणंदबाई लेकरांना घेऊन आल्या. नवव्या दिवशी मी तो कागद काढून लोणच्याच्या बरणीखाली घातला. तेव्हा कळलं, आपला महिना तारखांनी चालत नाही. तो चार बाजारांनी चालतो. खाली लिहिलेलं सगळं त्याच हिशेबाने आहे.

आधी आठ दिवस नुसतं लिहा

काहीही बदलायच्या आधी एक वही चुलीजवळच्या खिळ्याला अडकवा, पेन दोऱ्याने बांधून. (पेन बांधलं नाही तर ते पोरं नेतात आणि हिशेब तिथेच संपतो.) एका पानावर रोज काय रांधलं आणि किती उरलं ते. दुसऱ्या पानावर घराबाहेर गेलेला प्रत्येक रुपया, विशेषतः पोरांना धाडून आणलेल्या पुड्या. चहापत्ती, तेलाची पन्नी, पाच रुपयांचं जिरं, बिस्किटाचा पुडा.

पुड्यांचा हिशेब एकदा करून बघा. दहा रुपयांच्या पुडीवर २५ ग्रॅम लिहिलं असेल तर तो माल किलोला ४०० रुपयांनी पडला. पुडीवरचं वजन वाचायची सवय नसते, म्हणून ती स्वस्त वाटते. आठ दिवसांची बेरीज केली तेव्हा आमच्याकडे भाजीवर गेला त्याहून जास्त पैसा या पुड्यांवर गेलेला निघाला. मला वाटत होतं महाग पडतं ते मटण.

माणसं नको, ताटं मोजा

घरात पाच माणसं म्हणून पाच गुणिले दोन असा हिशेब चुकतो. जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत आठवीपर्यंत शिकणाऱ्या पोराचं दुपारचं जेवण शाळेत होतं. पोषण आहारात पहिली ते पाचवीसाठी रोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीसाठी १५० ग्रॅम धान्य धरलेलं असतं. म्हणजे शाळा सुरू असलेल्या महिन्यात दोन पोरांची दुपारची ताटं वजा करा, आणि सुट्टीच्या महिन्यात आठवणीने परत जोडा. आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा इतर महाराष्ट्राहून उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. तो अख्खा जून पोरं घरी जेवतात, पेरणीचा खर्चही त्याच महिन्यात येतो, आणि बेत नेमका तिथेच फाटतो.

शेतातला डबा वेगळा धरा. निंदणाला किंवा वेचायला जाणारं माणूस घरी बसलेल्याच्या दीडपट खातं. महिन्यातून चार-सहा ताटं पाहुण्यांची, ती आधीच लिहून ठेवायची. पाहुणा अचानक येतो, पण दर महिन्याला येतो.

धान्याचा हिशेब

आमचं घर पाच जणांचं. आम्ही दोघं, सासूबाई, दोन पोरं. वहीतून निघालेला महिन्याचा आकडा असा:

गहू २१ किलो, म्हणजे रोज ७०० ग्रॅम, सकाळच्या आणि डब्याच्या पोळ्या
ज्वारी २० किलो, संध्याकाळच्या भाकरी (किलोच्या दहा-अकरा होतात)
तांदूळ १५ किलो
तुरीची डाळ ६ किलो, रोज २०० ग्रॅम
बेसन, मूग, मोट (मटकी), हरभरा मिळून ३ किलो
तेल ३ किलो, सण असला तर अर्धा किलो वर
साखर ३ किलो

धान्य एकूण ५६ किलो झालं. तुमचा आकडा वेगळा येईल. भंडारा-गोंदियाकडे तांदूळ दुप्पट आणि ज्वारी जवळपास नाहीच, असंही होईल. आकडा स्वतःच्या वहीतून निघाला पाहिजे, एवढंच.

आता यातून रेशन वजा करा. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदय कार्डावर घरटी ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून हे धान्य फुकट आहे. आमच्या पाच जणांचे २५ किलो येतात. म्हणजे ५६ पैकी उरले ३१, आणि त्यातली २० किलो ज्वारी. गहू-तांदळाचं प्रमाण सरकार बदलत राहतं, म्हणून रेशन उचलल्यावरच किराण्याची यादी करायची, आधी नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या शेतकरी घरांना धान्याऐवजी रोख पैसे बँकेच्या खात्यात येतात. ते पैसे आले कधी आणि गेले कधी हे कळतच नाही. ती रक्कम काढून सरळ ज्वारीच्या पोत्यासाठी वेगळी ठेवा.

रेशनचा तांदूळ काहींना आवडत नाही, म्हणून तो विकून दुसरा आणतात. ते मला पटत नाही. इडली, डोसे, धिरडी, फोडणीचा भात, पोरांसाठी मुरमुरे, यात तो मुकाट्याने संपतो. साध्या भाताला थोडा चांगला तांदूळ वेगळा ठेवला की तक्रार राहत नाही.

एक क्विंटल तूर घरी ठेवा

सगळ्यात मोठी बचत इथे आहे, आणि आम्ही ती कित्येक वर्षं हातची घालवली. तूर निघाली की सगळी विकायची, आणि जुलैत दुकानातून किलो-किलोने डाळ आणायची, तीही उधारीवर. स्वतःचंच धान्य, विकताना ढेरीच्या, म्हणजे ठोक भावाने आणि घेताना पुडीच्या.

हिशेब सोपा आहे. महिन्याला ६ किलो म्हणजे वर्षाला ७२ किलो डाळ. एक क्विंटल तुरीची साधारण ७० ते ७५ किलो डाळ पडते. म्हणजे बरोबर एक क्विंटल तूर मागे ठेवली की वर्षाची डाळ घरची. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने तयार केलेली मिनी दाल मिल आता बऱ्याच गावांत आहे, कुठे बचत गटाकडे, कुठे एखाद्या शेतकऱ्याकडे. भरडाई देऊन डाळ करून मिळते, आणि चुन्नी-टरफल जनावरांना होतं. सगळी एकदम भरडू नका. आम्ही मार्चमध्ये अर्धी आणि दिवाळीआधी अर्धी करतो.

शेत नसलं तरी हंगामाचं गणित लागू आहे. डिसेंबर-जानेवारीत तांदूळ, मार्चमध्ये हरभरा, एप्रिलमध्ये गहू, फेब्रुवारी ते एप्रिल लाल मिरची, मार्च-एप्रिलमध्ये हळद. भिवापूरची मिरची आणि वायगावची हळद आपल्याच भागातली. दर महिन्याच्या बचतीतून एकेका हंगामात एकच वस्तू वर्षाची भरायची. पहिल्या वर्षी सगळं जमत नाही. आम्ही पहिल्या वर्षी फक्त मिरची भरली होती. कांदा उन्हाळी घ्या, तो चार-पाच महिने टिकतो. पावसाळ्यात लावलेला टिकत नाही.

साठवणीत एक चूक जिवावर बेतते. धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या, ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या, घरात कधीही वापरू नका. त्यातून निघणारा वायू झोपलेल्या माणसाला मारतो. धान्य दोन-तीन कडक उन्हं देऊन, सावलीत गार करून, कोरड्या कोठीत कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्यासोबत भरा. डाळीला एरंडेलाचा हात फिरवा. गरम धान्य तसंच भरलं तर आत घाम धरतो आणि सोंडे होतात. माझे वीस किलो गहू असेच गेले, तेव्हापासून मी कोठी भरायची घाई करत नाही.

भाजीचा सांगाडा, बाजारापासून दिवस मोजून

तीस दिवसांच्या तीस भाज्या लिहू नका. बाजाराचा दिवस पहिला धरून सात दिवसांचा सांगाडा करा. तो चार वेळा फिरवला की महिना झाला. आमचा बाजार मंगळवारी असतो.

मंगळवारी रात्री आणि बुधवारी पालेभाजी. मेथी, पालक, चवळाई, जे स्वस्त असेल ते. ती निवडून, न धुता, ओलसर सुती कापडात गुंडाळून माठाजवळ ठेवली की बुधवार संध्याकाळ निघते. सांबारही (कोथिंबीर) तसाच. त्यातला अर्धा सांबार फल्लीदाणे (शेंगदाणे) आणि हिरवी मिरची घालून लगेच वाटून ठेवला तर तो वाया जात नाही आणि एका जेवणाची चटणी होते.

गुरुवार-शुक्रवार वांगी, भेंडी, फुलकोबी, चवळीच्या शेंगा. वांग्याचं भरीत करायचं असेल तर ते याच दिवसांत, आणि चुलीत पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं) पेटलेल्या असतानाच. पऱ्हाट्यांच्या विस्तवावर भाजलेल्या वांग्याला जो वास येतो तो गॅसवर येत नाही, आणि गॅसही वाचतो. त्याच विस्तवावर दोन वांगी जास्त भाजली तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या डब्यात भाकरीसोबत जातात.

शनिवारी आलू, कोहळं (लाल भोपळा), पत्ताकोबी, ज्याला चार दिवस काही होत नाही. कोहळं अख्खं आणा. कापलेली फोड दोन दिवसांत नासते, अख्खं महिनाभर खाटेखाली पडून राहतं.

रविवार आणि सोमवार घरच्या साठ्याचे. चून (बेसनाचं पिठलं), कढी-गोळे, मुंगवड्यांची भाजी, मोटाची उसळ, पाटोडी, नुसतं फोडणीचं वरण आणि जवसाची चटणी. लोक इथेच घसरतात. सोमवारी भाजी नाही म्हणून पोराला दुकानात धाडलं जातं, आणि तिथे सुकलेलं भेदरं (टमाटर) बाजाराच्या दीडपट भावाने मिळतं. चून ही गरिबीची भाजी नव्हे, ती सोमवारची भाजी आहे, असं घरात एकदा ठरून गेलं पाहिजे. आमच्या धाकट्याला आता सोमवारी चून नसला तर चुकल्यासारखं होतं.

बाजारात मी संध्याकाळी उशिरा जाते. दुकानं उठायच्या वेळेला भाव उतरतो आणि ढिगावर भाजी मिळते. फक्त पालेभाजी तेव्हा मार खाल्लेली असते, ती दिवस असतानाच घ्यावी. म्हणून दोन फेऱ्या. आधी पालेभाजी, मग शेतातून परतणाऱ्या बायांसोबत बाकीचं.

मटण-कोंबडी पंधरा दिवसांतून एकदा, आणि पोळ्याची कर (पोळ्याचा दुसरा दिवस) वेगळी. तो खर्च लपवून करू नका, बेतातच लिहा.

कॅलेंडरवर खुणा

भिंतीवरच्या कॅलेंडरवर चार गोष्टींवर गोल करा. बाजाराचे दिवस, रेशन मिळायचा अंदाजे दिवस, सण आणि उपास. उपासाला साबुदाणा-फल्लीदाणे लागतात, आणि खरं सांगायचं तर उपासाचा दिवस साध्या दिवसापेक्षा महाग पडतो. महालक्ष्म्यांचं जेवण, पोळ्याच्या पुरणपोळ्या, भुलाबाईचा रोजचा खाऊ, संक्रांतीचे तीळ, पित्तरपाठ. सण आठ दिवसांवर आला की गूळ-तेलाचा भाव चढतो. ज्या महिन्यात सण आहे त्याच्या आदल्या महिन्याच्या यादीत गूळ, हरभऱ्याची डाळ आणि अर्धा किलो तेल घालून टाका.

किराणा: एक फेरी, दोन डबे

महिन्यातून एकदा तालुक्याला जाऊन यादीप्रमाणे किराणा आणणं गावातल्या दुकानापेक्षा स्वस्त पडतं, पण जाण्या-येण्याचं भाडं त्यात धरूनच. मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, म्हणून ही फेरी मीच करते. शेजारच्या दोघींची यादी सोबत घेतली की तेलाचा १५ किलोचा पिपा तिघींत वाटून घेता येतो. बचत गटातल्या दहा जणींनी मिळून घेतलं तर साखर आणि तांदूळ पोत्याच्या भावाने मिळतात.

पण पिप्याची एक गोम आहे. पहिल्यांदा मी एकटीने अख्खा पिपा घेतला, पाच महिने पुरेल म्हणून. तो साडेतीन महिन्यांत संपला. सासूबाई तेव्हा पिप्याकडे बघून म्हणाल्या, "साठा दिसला का हात सैल होते, माय." तेव्हापासून प्रत्येक वस्तूला दोन डबे आहेत. साठ्याचा डबा आतल्या खोलीत, आणि रोजचा डबा चुलीजवळ. रोजच्या डब्यात आठवड्याचंच तेल, बाजाराच्या दिवशी भरायचं, पाऊण किलो. शनिवारी तो तळाला गेला असेल तर रविवारी भजी नाहीत, साठ्याला हात लावायचा नाही. साखर, चहापत्ती, तिखट, सगळ्यांचं असंच. मोजायला एक ठरलेली वाटी आणि एक ठरलेला चमचा डब्यातच ठेवा.

सासूबाईंची आणखी एक पद्धत आहे. डाळ-तांदूळ मापून गंजात (पातेल्यात) टाकले की त्यातली एक मूठ परत काढून वेगळ्या मडक्यात टाकतात. मला आधी ते जुनं वाटायचं. एक मूठ तांदूळ ५० ग्रॅम धरा. महिन्याला दीड किलो झाले. पाहुण्यांची ताटं त्या मडक्यातून निघतात.

गावातल्या दुकानाशी भांडण घेऊ नका. अडीअडचणीला रात्री दार उघडणारा तोच असतो. उधारी एकदम बंद होत नाही, म्हणून आधी खात्यावर घ्यायच्या वस्तू ठरवा. आमच्याकडे फक्त मीठ, साबण आणि औषधाची गोळी खात्यावर येते, खाण्याचं काही नाही. जुनी बाकी चुकारा आला की त्याच दिवशी, इतर कशाच्याही आधी.

पावसाळ्यासाठी उन्हाळ्यात

जुलै-ऑगस्ट हे सगळ्यात ओढाताणीचे महिने, त्यांचा बेत एप्रिल-मेमध्ये होतो. मुंगवड्या, सांडगे, कुरडया, शेवया, ज्वारीचे पापड, वाळवलेल्या वांग्याच्या चकत्या. पावसाळ्याच्या आठ-नऊ बाजारांपैकी दर आठवड्याला दोन भाज्या साठ्यातून धरल्या तर सोळा-अठरा वेळची वाळवणं लागतात. किती करायचं ते त्यावरून ठरवा, आवडीवरून नाही. आवडीवरून केलं की कुरडया ढीगभर होतात आणि वड्या संपून जातात.

पहिल्या पावसानंतर तरोटा ही रानभाजी येते, मग घोळ, आंबाडी. कोवळा तरोटा पहिले पंधरा-वीस दिवसच खायचा, नंतर तो निबर आणि कडू होतो. एक सावधगिरी मात्र हवी. धुऱ्यावर (बांधावर) तणनाशक मारलेलं असेल तर तिथली भाजी खुडू नका. फवारणी कोणत्या शेतात झाली ते आधी विचारा, पानाकडे बघून कळत नाही.

कशात काटायचं नाही

डाळ, पोरांचं दूध आणि घरातल्या बाईचं ताट. बेत कमी पडला की शेवटी जेवणारी बाई भाकरी आणि तिखटावर भागवते, आणि हिशेबात ती बचत म्हणून दिसते. वहीत पाच ताटं लिहिली असतील तर पाच ताटं वाढायची. मी आता आधी पाचही ताटं वाढून घेते, मग सगळे बसतो. सुरुवातीला ह्यांना ते विचित्र वाटलं होतं.

उरलेल्याला बेतात जागा ठेवा. रात्रीचा भात सकाळी फोडणीला, पोळ्यांचा कुस्करा, वरणात दुसऱ्या दिवशी वरणफळं. पण उन्हाळ्यात भात रात्रभर बाहेर ठेवू नका; तेवढ्यापुरता मोजूनच शिजवा.

शेवटचा बाजार

महिन्याच्या चौथ्या बाजाराच्या आदल्या रात्री मी साठ्याचे डबे उघडते, वाटीने मोजते आणि वहीत लिहिते. उरलेलं पुढच्या यादीतून वजा, कमी पडलेलं जास्त. पहिल्या तीन महिन्यांत आकडे खूप हलतात, मग बसतात. गेल्या महिन्यात अर्धा किलो बेसन आणि जिऱ्याची अख्खी पुडी वजा झाली. चहापत्ती मात्र पाव किलोने वाढवली. निंदणाच्या बाया सकाळी आमच्याच अंगणात चहा पिऊन शेतात जायच्या, आणि ती ताटं मी कधी मोजलीच नव्हती.